कंबरेच्या ऑपरेशननंतर कामावर कधी जायचं, आणि ऑस्टिओपॅथीची मदत किती घ्यायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. पाच आठवड्यांपूर्वी तुमच्या कंबरेतल्या सगळ्यात खालच्या गादीचं, म्हणजे एल-५ (कंबरेचा शेवटचा मणका) आणि एस-१ (त्याखालच्या त्रिकास्थीचा वरचा भाग) यांच्यामधल्या गादीचं, मायक्रोडिसेक्टमीचं, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा बाहेर आलेला तुकडा काढण्याचं, ऑपरेशन झालं. पायात उतरणारी कळ दुसऱ्याच दिवशी थांबली. पण पायाची करंगळी आणि पावलाची बाहेरची कड अजून बधिर आहे, आणि संध्याकाळ झाली की कंबर जड होते. काम गोदामातलं, अर्धा दिवस कॉम्प्युटरवर नोंदी आणि अर्धा दिवस माल उतरवणं-रचणं. सर्जन म्हणाले, "हळूहळू कामावर जा, वजन उचलू नका." घरचे म्हणतात, तीन महिने जागचं हलायचं नाही. आणि एका ऑस्टिओपॅथनी, म्हणजे सांधे-स्नायूंवर हातांनी उपचार करणाऱ्यानी, सांगितलंय, "मणका जागेवर बसवून देतो, पंधरा दिवसांत कामाला लागाल." तुम्हाला विचारायचंय की यातलं कुणाचं ऐकायचं.

मी मूळचा फिजिओथेरपिस्ट. पुढे ऑस्टिओपॅथी शिकलो आणि ऑपरेशन झालेल्या कंबरा हेच आता माझं रोजचं काम आहे. ऑस्टिओपॅथीवर माझा विश्वास आहे, म्हणूनच तिच्या नावावर दिलेलं हे आश्वासन मला खटकतं. तुमचा मणका जागेवरून हललेलाच नाही, त्यामुळे तो बसवण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या प्रश्नातला "कधी" हा शब्दही थोडा बाजूला ठेवू या. पुढच्या सोमवारी तुम्ही कॉम्प्युटरवर दोन तास बसू शकाल, पण त्याच सोमवारी वीस किलोचं खोकं जमिनीवरून उचलणं चूक ठरेल. एकाच नोकरीतली ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या असणार. खरा प्रश्न असा आहे की तुमच्या दिवसातला कोणता भाग आत्ता झेपेल, आणि उरलेला कोणत्या क्रमाने परत घ्यायचा.

त्यासाठी आत काय झालंय ते माहीत असायला हवं. गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. तुमच्या बाबतीत ते कडं फाटलं, गराचा तुकडा बाहेर आला आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर दाबला गेला. सर्जननी तो तुकडा काढला, दाब गेला, म्हणून कळ गेली. पण कड्याला पडलेलं भोक बहुतेक ऑपरेशनांमध्ये शिवलं जात नाही. ते हळूहळू व्रणाच्या ऊतीनं भरतं, आणि गादीला रक्तपुरवठा अगदी तुटपुंजा असल्यामुळे त्याला वेळ लागतो. वरची कातडी दोन आठवड्यांत जुळली, टाके निघाले, म्हणजे आतलंही जुळलं असं नाही. त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण शंभरात पाच ते पंधरा असं सांगितलं जातं. म्हणजे बहुसंख्य लोकांना हा त्रास परत होत नाही. तरी पहिले तीन महिने मी जपून घालवायला सांगतो ते याच कारणासाठी.

बधिरपणाबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय. करंगळी आणि पावलाची बाहेरची कड हा एस-१ नसेचा इलाखा आहे, आणि तुमचं ऑपरेशन झालं त्या जागी हीच नस दबते. म्हणजे हे नवं दुखणं नाही, जुन्या दाबाची उरलेली खूण आहे. नसेचे आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं वाढतात. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर एक मीटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा, महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंही, आणि काही जणांत थोडा बधिरपणा कायमचा राहतो. सहसा आधी कळ जाते, मग ताकद येते आणि संवेदना सगळ्यात शेवटी. बधिर करंगळी घेऊन कामावर जायला हरकत नाही. ताकद कमी असेल तर मात्र विचार बदलतो. घरी बघा. भिंतीला बोटं टेकवून ऑपरेशनच्या बाजूच्या एकाच पायावर उभे राहा आणि टाच सावकाश उचला. दुसऱ्या पायावर जितक्या वेळा सहज होतं, तितक्या वेळा इथे होतंय का? दोन-तीन वेळांतच टाच खाली येत असेल किंवा शरीर पुढे झुकवून तुम्ही टाच उचलल्यासारखं करत असाल, तर पोटरीची ताकद अजून आलेली नाही. शिडी चढणं, चढणीवर ट्रॉली ढकलणं हे तोवर नको, आणि ही गोष्ट सर्जनच्या कानावर घाला.

आता ऑस्टिओपॅथी. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरनी १८७४ मध्ये हा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल इथे पहिली शाळा काढली. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानं त्यांची सक्तीची नोंदणी आहे, पण तिथले ऑस्टिओपॅथ मुख्यतः हातांनी उपचार करतात. जिथे असा कायदा नाही तिथे चार वर्षं शिकलेला आणि चार शनिवार-रविवारचा कोर्स केलेला, दोघंही एकच पाटी लावू शकतात. म्हणून पाटीकडे बघू नका. शिक्षण किती, आणि ऑपरेशन झालेले रुग्ण किती हाताळलेत, हे सरळ विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

तुमच्यासारखा पेशंट आला तर मी काय करतो ते सांगतो. ऑपरेशनचे कागद वाचल्याशिवाय मी हात लावत नाही. त्यात पातळी, बाजू, नसेवरचं आवरण फाटलं होतं का, एवढं तरी मला हवंच असतं. मग कंबर सोडून बाकी सगळं बघतो. नस दबलेली असताना माणूस महिनोन्महिने वाकडा चालतो, एका कुशीवर झोपतो, श्वास वरवर घेतो. कळ गेली तरी या सवयी जात नाहीत. खुब्याचा सांधा आखडलेला असतो, पाठीचा वरचा भाग दगडासारखा झालेला असतो. खुबा पुरेसा दुमडला नाही की खुर्चीत बसताना, बूट घालताना तेवढं वाकणं कंबरेला करावं लागतं, आणि नेमकी तीच गादी सध्या आपल्याला वाचवायची असते. त्यामुळे माझे हात बहुतेक वेळ खुब्यावर, मांडीवर, बरगड्यांवर असतात. एक पद्धत अशी: तुम्ही पाठीवर झोपलेले, मी गुडघा दुमडून छातीकडे नेतो, जिथे अडतं तिथे थांबतो. तुम्ही माझ्या हाताविरुद्ध अगदी हलकेच पाच सेकंद दाबता, मग सैल सोडता, आणि खुबा आणखी थोडा दुमडतो. कट्ट असा आवाज नाही, झटका नाही. तीन-चार वेळा केलं की फरक तुमचा तुम्हालाच कळतो. व्रण पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर, त्यावरची कातडी बोटांनी हलकेच सरकवायलाही शिकवतो.

काय करत नाही, हे जास्त महत्त्वाचं. पहिल्या तीन महिन्यांत कंबरेला पीळ देऊन कट्ट आवाज काढण्याचा झटका नाही, म्हणजे नाहीच. ऑपरेशन झालेल्या पातळीवर तर मी तो नंतरही देत नाही. त्यातून मिळण्यासारखं फारसं काही नसतं आणि गमावण्यासारखं बरंच असतं. सरळ पाय वर ताणून "नस मोकळी करणं" हेही नाही. नस ऑपरेशनच्या जागी अजून सुजरी आणि चिकट असते, तिला ताणलं की ती चिडते. "मणका बसवून देतो" म्हणणारा माणूस नेमकं हेच दोन प्रकार करायची शक्यता जास्त, म्हणून त्यांच्याकडे जाऊ नका असंच मी म्हणेन.

पुराव्याबद्दलही तुम्हाला खरं सांगायला हवं. गादीच्या ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केला तर काहीच न करण्यापेक्षा दुखणं कमी राहतं आणि हालचाल सुधारते, असं २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) दिसलं, आणि व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. ऑपरेशननंतरच्या हातांच्या उपचारांवर मात्र अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यांतून आशा वाटते, खात्री देता येत नाही. म्हणून वेळ आणि पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर तो चांगल्या फिजिओथेरपिस्टकडच्या व्यायामाला द्या. माझ्या हातांनी शरीर मोकळं होतं, पण ताकद तुमच्या व्यायामानंच येते. दोन्ही मिळालं तर उत्तम.

घरच्यांच्या "तीन महिने हलायचं नाही" या म्हणण्यामागे माया आहे, पण त्याला आधार नाही. अमेरिकेतले कणाशल्यचिकित्सक युजीन कॅरागी यांनी १९९६ मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांनी गादीच्या ऑपरेशननंतर हालचालींवर बंधनंच घातली नाहीत आणि शक्य तितक्या लवकर नेहमीचं आयुष्य सुरू करायला सांगितलं. ते लोक सरासरी दोन आठवड्यांच्या आतच कामावर परतले. याचा अर्थ तुम्ही उद्या ट्रक उतरवायला लागा असा नाही, आणि मी स्वतः त्यांच्यापेक्षा सावध आहे. पण पडून राहिल्यानं गादी लवकर भरते असं मानायला काही कारण नाही. कण्याला लागून असलेले खोल स्नायू आधीच दुखण्यानं आणि ऑपरेशननं बारीक झालेले असतात, अंथरुणात ते आणखी झिजतात.

एक आकडा मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के यांच्या गटानं एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत सूक्ष्म सेन्सर घालून दाब मोजला. उभं असताना तो ०.५ मेगापास्कल (दाब मोजण्याचं एकक) होता, सैल बसल्यावर ०.४६, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३. गुडघे वाकवून तेच वजन उचलताना १.७. एकाच माणसाचं मोजमाप आहे, हे विसरायचं नाही. तरी दिशा स्पष्ट आहे: बसणं हा तुमचा शत्रू नाही, वाकून उचलणं हा सध्या टाळायचा प्रकार आहे. बसण्यानं त्रास होतो तो बहुधा एकाच स्थितीत अडकून राहिल्यानं.

तर क्रम असा ठेवा. तुम्ही पाच आठवड्यांवर आहात, रोज दोन-तीन वेळा वीस-पंचवीस मिनिटं चालणं जमत असेल तर कॉम्प्युटरच्या कामावर अर्धा दिवस जायला तयार आहात. एक दिवसाआड सुरू केलंत तर मधला दिवस शरीराचं उत्तर ऐकायला मिळतो. दर अर्ध्या तासानं उठा, दोन मिनिटं चाला, फोन उभ्यानं घ्या. सकाळी उठल्यावर गादीत पाणी जास्त भरलेलं असतं, ती फुगलेली आणि ताणलेली असते. दिवसभरात माणसाची उंची जेवढी कमी होते त्यातली साधारण निम्मी पहिल्या तासात होते. म्हणून उठल्यापासून तासभर कंबरेत वाकणं टाळा, आणि शक्य असेल तर कामाची वेळ जरा उशिराची मागून घ्या. दोन आठवडे हे नीट झालं की पूर्ण दिवस. आठव्या आठवड्यानंतर, सर्जन हो म्हणाले तर, टेबलाच्या उंचीवरून टेबलाच्या उंचीवर पाच किलोपर्यंत. मग वजन वाढवा, उंची मात्र तीच ठेवा. जमिनीवरून उचलणं सगळ्यात शेवटी, साधारण बाराव्या आठवड्यानंतर, तेही आधी उपचाराच्या खोलीत सराव करून. अवजड कामाला पूर्ण परतायला बऱ्याच जणांना तीन महिने लागतात, काहींना जास्त. हे तुमच्या ऑपरेशनपुरतं आहे. हेच वाचून ज्यांचे मणके स्क्रू घालून जोडलेत त्यांनी हा क्रम उचलू नये. तिथे हाड जुळायलाच सहा महिने ते वर्ष लागतं आणि वेळापत्रक सर्जनच ठरवतात.

पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे कॅलेंडरपेक्षा पुढचे चोवीस तास जास्त खरं सांगतात. काम केल्यावर कंबर दुखली, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आली, तर पायरी बरोबर आहे. सकाळीही दुखणं तसंच असेल तर एक पायरी खाली या, तिथे आठवडाभर राहा. आणि कळ नितंबातून मांडीत, गुडघ्याखाली उतरायला लागली तर थांबा आणि दाखवा. कंबर दुखणं आणि पाय दुखणं यांना सारखं मोजू नका. पायाकडे सरकणारी कळ नसेची असते.

माझ्याकडे हमालीचं काम करणारे एक जण यायचे, तुमच्यासारखंच ऑपरेशन. अकराव्या आठवड्यात ताकद उत्तम, खुबे मोकळे, चालणं झकास. मी कमरेच्या उंचीवर एक रिकामं खोकं ठेवलं आणि उचला म्हटलं. त्यांनी श्वास रोखला, जबडा आवळला, पाठ फळीसारखी ताठ केली आणि ते रिकामं खोकं असं उचललं जणू आत काच भरली होती. खाली ठेवल्यावर कपाळाला घाम. कंबर तयार होती, मन नव्हतं. पुढचे काही आठवडे आम्ही वजन वाढवलंच नाही. फक्त उचलताना श्वास सोडायचा, उचलता उचलता माझ्याशी बोलायचं, खोकं ठेवून वळायचं, एवढंच. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. भीती अशी सरावानंच उतरते. तुमच्या प्रश्नात "पुन्हा तसं झालं तर" हे तीनदा आलंय, म्हणून मुद्दाम लिहिलं. ही भीती सगळ्यांना वाटते, तिच्यावर उपचार होतो, आणि ती आहे हे उपचार करणाऱ्याला सांगावं लागतं.

कामाच्या ठिकाणी द्यायच्या पत्राबद्दल. "हलकं काम द्यावं" असं लिहिलेलं पत्र नेल्यावर मुकादमाला हलकं वाटतं तेच तुम्हाला मिळतं. पत्रात किलो, उंची, दिवसातून किती वेळा, सलग किती वेळ बसणं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहून घ्या. तारीख असली की वरिष्ठांनाही बदल करून देणं सोपं जातं.

गाडी चालवायची असेल तर आधी उभ्या गाडीत अचानक ब्रेक दाबून बघा. कळ आली किंवा पाय कचरला तर अजून नको. गुंगी आणणारी वेदनाशामकं सुरू असतील तोवर तर नकोच. दुचाकीचे धक्के मी सहा ते आठ आठवडे टाळायला सांगतो. कंबरेचा आधारपट्टा लांबच्या प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर निकोटिनमुळे भरून येणं मंदावतं, हे लक्षात ठेवा.

काही लक्षणांना मात्र वाट बघायची नसते. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांत वाढता अशक्तपणा, यातलं काहीही झालं तर त्याच तासाला इस्पितळ गाठा, ऑस्टिओपॅथ नाही, फिजिओथेरपिस्ट नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, कूस बदलतानाही सहन होणार नाही अशी नव्यानं वाढलेली कंबरदुखी, एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर तेही इस्पितळाचंच काम.

सहाव्या आठवड्याची तपासणी जवळ आली असेल. तिथे सर्जनना तीन गोष्टी विचारा: कड्यातलं भोक मोठं होतं की लहान, वजन किती किलोपर्यंत आणि केव्हापासून, आणि हातांच्या उपचारांना त्यांची काही मनाई आहे का. भोक मोठं असेल तर गादीचा तुकडा परत बाहेर येण्याचा धोका जास्त असतो, आणि मग वर दिलेला क्रम मी प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन आठवडे लांबवेन. टाच उचलून काय दिसलं आणि सर्जन काय म्हणाले ते इथेच कळवा, मग व्यायाम नेमके कोणते ते लिहितो.